आधी गवत, मग गाई

पडीक जमीन घेऊन तिच्यावर सेंद्रिय पद्धतीने जनावरे पाळण्याचा विचार करणारी माणसे मला बहुतेक वेळा एकच प्रश्न आधी विचारतात, तो म्हणजे जनावरे कोणत्या जातीची घ्यावीत. सात वर्षांपूर्वी मीही हाच प्रश्न घेऊन फिरत होते आणि त्याचे उत्तर मिळाल्याबरोबर, जमीन ताब्यात आल्यापासून दुसऱ्याच महिन्यात, सहा गाई आणून मोकळी झाले. बावीस एकरांचे ते रान. वरच्या उतारावरची माती धुपून मुरूम उघडा पडलेला, मधोमध दर पावसात रुंद होत जाणारी एक घळ, एका अंगाला घाणेरीची माणसाच्या डोक्याइतकी उंच जाळी आणि उरलेल्या भागात विरळ कुसळी गवत. वीस वर्षांत तिथे नांगर चालला नव्हता. कुंपण मात्र कुठेच नसल्यामुळे ज्याच्या त्याच्या जनावरांना ते रान बारा महिने मोकळे होते. लांबून पिवळसर दिसणाऱ्या त्या पट्ट्याला मी कुरण समजले, आणि पुढची सगळी ओढाताण त्या एका समजुतीतून निघाली.

पहिल्याच आठवड्यात एक वयस्कर मेंढपाळ बांधापाशी थांबले. वाकून त्यांनी गवताचा एक झुबका ओढला, तर तो मुळांसकट अलगद हातात आला. मुळांची लांबी जेमतेम बोटाच्या दोन पेरांइतकी होती आणि त्यांना माती म्हणून काही चिकटलेलीच नव्हती. तो झुबका माझ्यापुढे धरून ते म्हणाले, "ताई, ह्या रानात दाताला लागेल एवढं तरी गवत आहे का? गाई काय मुरूम चाटतील?" त्या वेळी मला त्यांचा राग आला. महिनाभराने गाईंच्या बरगड्या मोजता येऊ लागल्या तेव्हा मी स्वतः त्यांना शोधत गेले. "काका, आता काय करू?" असे विचारल्यावर ते म्हणाले, "निम्म्याहून जास्त गाई देऊन टाका आणि रान मिटवा." मिटवा हा त्यांचा शब्द. रान चराईला बंद करणे म्हणजे ते मिटवणे, हे मला तेव्हा कळले.

जमीन किती जनावरे पोसू शकेल हे काढण्याची रीत साधी आहे आणि गाई आणण्याआधी मी ती वापरायला हवी होती. एक मीटर लांब व एक मीटर रुंद अशी चौकट घ्यावी, ती रानात दहा-बारा वेगवेगळ्या ठिकाणी टाकावी, चौकटीतले गवत जमिनीलगत कापून पूर्ण वाळवावे आणि वजनाची सरासरी काढावी. जितके ग्रॅम भरतील त्याच्या दहापट किलो वाळलेले गवत एका हेक्टरवर आहे असे धरावे. माझी सरासरी १२० ग्रॅम आली, म्हणजे हेक्टरी १,२०० किलो. त्यातले निम्मे रानातच ठेवायचे असते, कारण उरलेल्या पात्यांच्या जोरावरच गवत पुन्हा वाढते आणि वाळलेला भाग मातीवर पांघरूण होतो. तेव्हा हातात उरले ६०० किलो. गाय आपल्या वजनाच्या अडीच ते तीन टक्के एवढा शुष्क चारा रोज खाते. ३०० किलोच्या गाईला साडेसात किलो धरले तर एका हेक्टरवर एका गाईचे ८० दिवस निघतात. चरण्याजोगे क्षेत्र आठ हेक्टर, म्हणजे ६४० दिवस, आणि ते सहा गाईंत वाटले की जेमतेम साडेतीन महिने. वर्षाचे उरलेले साडेआठ महिने मला चारा विकत आणावा लागला असता, आणि बाहेरून आणलेल्या, कोणत्या फवारणीखालून आला याचा पत्ता नसलेल्या चाऱ्यावर जगणाऱ्या गाईंना सेंद्रिय म्हणण्यात काहीच अर्थ नव्हता. मी चार गाई विकल्या. हा निर्णय मनाला फार लागला, पण त्या वर्षी मी केलेले शहाणपणाचे काम तेवढे एकच होते.

त्यानंतरची दोन वर्षे जनावरांपेक्षा पाण्यामागेच गेली. माथ्यापासून पायथ्याकडे उतरत यायचे हा मृदसंधारणाचा जुना नियम आहे आणि तो मोडला की खालचे काम वरच्या लोंढ्याने वाहून जाते. दोन बल्ल्या आणि एक आडवी पट्टी जोडून केलेली ए अक्षरासारखी घोडी आणि तिच्या मधोमध सोडलेला ओळंबा एवढ्या साधनावर आम्ही उतारावर समपातळी रेषा आखल्या, त्या रेषांवर समतल चर खोदले आणि निघालेली माती चराच्या खालच्या अंगाला टाकून तिच्यावर गवताचे बी पेरले. घळीत, तीही वरच्या तोंडापासून, अनघड दगडांचे छोटे छोटे बांध घातले. ह्या बांधांनी पाणी अडवायचे नसते, त्याचा वेग तेवढा मोडायचा असतो. वेग मोडला की पाण्यातला गाळ दगडांमागे बसतो आणि त्या गाळात बी धरते. पहिल्याच पावसाळ्यानंतर वरच्या तिसऱ्या बांधामागे टाचेइतका गाळ साचलेला पाहिला तेव्हा मी तिथेच बसून राहिले. माझ्या रानातून निघून जाणारी माती मी पहिल्यांदाच थांबलेली पाहत होते.

घाणेरीबद्दल थोडक्यात सांगते. ती जाळून किंवा वरून छाटून जात नाही, उलट दुप्पट फुटव्यांनी उठते. मुळाचा गड्डा जमिनीखाली थोडा खणून तोडायचा, झुडूप उलटे करून वाळवायचे आणि मोकळ्या झालेल्या जागेत लगेच गवत पेरायचे, कारण उघडी जागा दिसली की तिचे बी पुन्हा उगवते. तिच्या पानांतील विषामुळे गुरांचे यकृत बिघडते आणि उन्हात कातडी भाजल्यासारखी सोलवटते. जनावरांचे पोट भरलेले असते तोवर ती तिला तोंड लावत नाहीत, पण उपाशी जनावर काहीही खाते. हे काम हातानेच करावे लागते आणि सलग तीन-चार वर्षे मागे राहावे लागते.

माझ्या मते या सगळ्याचा गाभा मात्र वेळेच्या हिशेबात आहे. माझे रान उजाड झाले ते तिथे जनावरे फार आली म्हणून, असे मी समजत होते. प्रत्यक्षात ती वर्षभर तिथून हललीच नव्हती. गवत चरल्यानंतर पहिले काही दिवस ते मुळांत आणि बुंध्यात साठवलेल्या अन्नावर नवी पाती काढते. पाती पुरेशी मोठी झाली की मग उन्हावर स्वतःचे अन्न तयार करून मुळांचा साठा भरून काढते. दुसरा घास या मधल्या काळात पडला तर साठा रिकामाच राहतो, मुळे आखडतात आणि असे पाच-सहा वेळा झाले की चांगली गवते मरून कुसळीसारखी टिकाऊ, निकस गवते तेवढी उरतात. फ्रान्समधील आंद्रे व्हॉइझिन या जीवरसायनशास्त्रज्ञ शेतकऱ्याने १९५०च्या दशकात नॉर्मंडीतील आपल्या कुरणात उभे राहून हेच मांडले: गवताला दोन चराईंमध्ये पुरेशी विश्रांती मिळाली पाहिजे आणि जनावरे एका तुकड्यात इतके कमी दिवस राहिली पाहिजेत की पहिल्या दिवशी खाल्लेले गवत त्याच मुक्कामात दुसऱ्यांदा त्यांच्या दाताखाली येऊ नये. मेंढपाळ काकांनी व्हॉइझिनचे पुस्तक पाहिलेले नव्हते. कळप पुढे सरकला पाहिजे एवढेच ते सांगत, आणि दोघांचे म्हणणे एकच होते.

आता रानाचे चोवीस तुकडे आहेत. दोन पदरी हलक्या वीजतारेचे कुंपण हातानेच उचलून पुढे नेता येते, त्यामुळे पक्क्या कुंपणाचा खर्च फक्त बाहेरच्या हद्दीला करावा लागला. गाई एका तुकड्यात दोन दिवस राहतात आणि साधारण दीड महिन्याने परत येतात. पण हे वेळापत्रक दगडावरची रेघ नाही. पाऊस भरात असला तर गवत लवकर तयार होते, ओल संपली की तीन महिनेही पुरत नाहीत, आणि तेव्हा गाईंना गोठ्याजवळच्या एकाच तुकड्यात ठेवून कापून साठवलेली वैरण घालावी लागते. तो एक तुकडा दरवर्षी थोडा खराब होतो. बाकीचे तेवीस वाचतात. फिरत्या चराईविषयी फार मोठे दावेही केले जातात. झिंबाब्वेचे ॲलन सेव्हरी यांनी तर तिच्या बळावर वाळवंटीकरण मागे हटवता येईल असे सांगितले आणि त्यावर कुरणशास्त्राच्या अभ्यासकांनी कडाडून आक्षेप घेतले. मी त्या वादात पडत नाही. माझ्या रानात कुसळीच्या जागी चांगल्या चाऱ्याचा मारवेल आला, एवढे मी पाहिले आहे, आणि तो आला तो मिटवलेल्या तुकड्यांत आधी आला.

मातीत फरक पडतो आहे की नाही हे पाहण्यासाठी मी एक साधा प्रयोग दरवर्षी त्याच सहा जागी करते. सहा इंच व्यासाचे पत्र्याचे कडे निम्मे जमिनीत ठोकायचे, त्यात एक इंच उंची भरेल इतके, म्हणजे अर्ध्या लिटरपेक्षा थोडे कमी पाणी ओतायचे आणि घड्याळ लावायचे. पहिल्या वर्षी वरच्या उतारावर ते पाणी पन्नास मिनिटे तसेच आरशासारखे उभे होते. पाचव्या वर्षी त्याच जागी ते सहा मिनिटांत जिरले. दोन वेगळ्या जागची ढेकळे मी काचेच्या बरणीत पाण्यात सोडून पाहिली: रस्त्याकडेच्या उघड्या जागेतले ढेकूळ दोन मिनिटांत विरघळून तळाशी चिखल झाले, तर गवताच्या मुळाशी असलेले ढेकूळ दुसऱ्या दिवशी सकाळीही आकार धरून होते आणि पाणी नितळ होते. मुळे आणि मुळांसोबत वाढणारी बुरशी मातीच्या कणांना बांधून ठेवतात, कणांमध्ये पोकळ्या राहतात आणि त्या पोकळ्यांतून पाणी खाली उतरते, हे वाचलेले होते; बरणीत ते डोळ्यांना दिसले.

तिसऱ्या वर्षी माझ्या हातून एक मोठी चूक झाली आणि ती इथे नोंदवून ठेवणे मला आवश्यक वाटते. घळीच्या खालच्या ओलसर तुकड्यात मी लसूणघास लावला होता. द्विदल पिकांच्या मुळांवरच्या गाठींतील जिवाणू हवेतला नत्र जमिनीत आणतात, त्यामुळे रासायनिक खताशिवाय कुरण सुधारण्याचा तो हमखास मार्ग आहे. पण एका पहाटे, दव पडलेले असताना, रात्रभराच्या उपाशी गाई मी सरळ त्यात सोडल्या. तासाभरात एका गाईची डावी भकाळी फुगून पाठीच्या कण्याच्या वर आली, ती पाय झाडू लागली, तोंडातून लाळ गळू लागली आणि बोटाने टिचकी मारली तर नगाऱ्यासारखा आवाज येऊ लागला. कोवळ्या द्विदल चाऱ्यामुळे कोठीपोटात फेस होतो आणि फेसात अडकलेला वायू ढेकर देऊन बाहेर पडत नाही. असा वायू फुप्फुसांवर दाबत राहिला तर जनावर तासा-दोन तासांत जाते. फोनवर पशुवैद्यांनी सांगितल्याप्रमाणे तिचे पुढचे पाय चढावर येतील असे तिला उभे केले, ठसका लागणार नाही अशा बेताने अर्धा लिटर गोडेतेल हळूहळू पाजले आणि तोंडात आडवी काठी बांधली, जेणेकरून ती चघळत राहील. डॉक्टर पोहोचले तोवर दोन ढेकरा आल्या होत्या. त्या दिवसानंतर आधी वाळलेली वैरण पोटभर, दव उडाल्यावर लसूणघास आणि तोही सुरुवातीला अर्धाच तास, हा क्रम आमच्याकडे कधी मोडला गेला नाही. गवताबरोबर मिसळून पेरलेला लसूणघास निव्वळ लसूणघासापेक्षा पुष्कळ सुरक्षित असतो, म्हणून पुढच्या पेरणीत तोही बदल केला.

शेणाविषयी मला थोडे सविस्तर लिहायचे आहे, कारण माझे रान सुधारले ते गाईंच्या दाताइतकेच त्यांच्या शेणाने. गाय चाऱ्यातून जेवढा नत्र खाते त्यापैकी तीन-चतुर्थांशाहून अधिक शेण आणि मूत्रावाटे परत देते. गाई एकाच झाडाखाली बसू लागल्या तर हे सगळे त्या झाडाखाली साचते. त्या रोज पुढे सरकल्या तर ते रानभर पसरते. पण शेण पडून नुसते वाळले तर त्याचा फारसा उपयोग नाही, ते मातीत शिरावे लागते आणि ते काम शेणकिडे करतात. ऑस्ट्रेलियात गुरे १७८८ मध्ये युरोपीय वसाहतीबरोबर गेली, पण तिथले शेणकिडे कांगारूच्या कोरड्या लेंड्यांना सरावलेले होते. गाईंच्या शेणाचे पो महिनोनमहिने तसेच पडून राहू लागले, त्याखालचे गवत मरू लागले आणि माश्यांचा उपद्रव वाढला. जॉर्ज बोर्नेमिस्झा या कीटकशास्त्रज्ञाच्या आग्रहाने १९६५ मध्ये सुरू झालेल्या प्रकल्पात तिथे बाहेरच्या देशांतून शेणकिड्यांच्या चाळीसहून अधिक जाती आणून सोडण्यात आल्या. माझ्या रानात हे किडे बाहेरून आणावे लागले नाहीत. त्यांना मारणे तेवढे थांबवावे लागले. जंत आणि गोचीड यांवर दिले जाणारे आयव्हरमेक्टिन शेणातून बाहेर पडते आणि त्या शेणात वाढणाऱ्या शेणकिड्यांच्या अळ्या मारते. ते औषध फार मोलाचे आहे, त्याच्या शोधाला २०१५ चे नोबेल पारितोषिक मिळाले आणि माणसांचे अंधत्व त्याने टाळले आहे; परंतु सगळ्या कळपाला ठरावीक महिन्यांनी सरसकट देत राहण्याची वस्तू ते नव्हे. ते बंद केल्यानंतर दुसऱ्या पावसाळ्यात एका सकाळी मी काडीने शेणाचा ताजा पो उलटला, तेव्हा आत काळ्या तकतकीत किड्यांची गर्दी होती आणि खालच्या मातीत करंगळी जाईल एवढी भोके पडलेली होती. त्या भोकांतून आता पावसाचे पाणीही उतरते.

औषध बंद केले म्हणजे जंतांचा प्रश्न संपला असे मात्र मुळीच नाही, विशेषतः गाईंच्या जोडीला पाळलेल्या शेळ्यांच्या बाबतीत. शेळ्यांचे रक्त पिणाऱ्या हिमाँकस या जंताची मादी रोज हजारो अंडी घालते आणि उबदार, ओल्या हवेत त्यांतून रोग लावणाऱ्या अळ्या चार-पाच दिवसांतच तयार होतात. त्या अळ्या बहुतांशी गवताच्या खालच्या पाच सेंटिमीटरांत असतात. तेव्हा शेळ्यांना चौथ्या दिवसाच्या आत पुढे हलवायचे, गवत बोटाच्या लांबीएवढे राहिले की उठवायचे, दोन-तीन महिने त्या तुकड्यात परत आणायचे नाही आणि मधल्या काळात तिथे गाई चारायच्या, कारण शेळ्यांचे बहुतेक जंत गाईच्या पोटात जगत नाहीत. त्याखेरीज दर पंधरवड्याला प्रत्येक शेळीची खालची पापणी उलटून आतला रंग पाहायचा. दक्षिण आफ्रिकेत तयार झालेल्या फामाचा नावाच्या तक्त्यात लालभडक ते पांढरट असे पाच रंग दिलेले आहेत. ज्या शेळीची पापणी फिकट असेल तिलाच औषध द्यायचे. गाईंच्या मागून तीन-चार दिवसांनी चाकांच्या खुराड्यातून कोंबड्या त्याच तुकड्यात जातात, शेण उकरून त्यातल्या माशीच्या अळ्या टिपतात आणि उकरता उकरता शेण पसरवून टाकतात.

सेंद्रिय म्हणजे आजारी जनावराला औषध न देणे, असा समज पुष्कळांचा असतो आणि तो क्रूर आहे. अमेरिकेच्या नियमांत प्रतिजैविक दिलेल्या जनावराचे सेंद्रियपण कायमचे जाते, तरी ते टिकवण्यासाठी उपचार रोखून धरण्यासही तेच नियम मनाई करतात. युरोपीय संघात असे उपचार मर्यादित वेळा चालतात, फक्त औषधानंतर दूध टाकून देण्याचा काळ दुप्पट धरावा लागतो. लस दोन्हीकडे चालते. आधुनिक सेंद्रिय शेतीचे एक प्रवर्तक अल्बर्ट हॉवर्ड यांनी बिहारमधील पुसा येथील आपले सुदृढ बैल लाळ्या-खुरकत झालेल्या शेजारच्या जनावरांना नाक लावूनही आजारी पडले नाहीत, असे नोंदवून ठेवले आहे. १९२४ ते १९३१ या काळात त्यांनी इंदूरला बसवलेली कंपोस्टची पद्धत मी आजही पाळते. गोठ्यातले शेण, मूत्राने भिजलेले बिछायत आणि काडीकचरा थरांत रचून, वरचेवर उलटून तीन महिन्यांत तयार होणारे ते खत लसूणघासाच्या तुकड्याला जाते. पण त्यांच्या त्या बैलांवर विसंबून लाळ्या-खुरकताची लस टाळावी असे मला कधीही वाटले नाही आणि कोणी टाळू नये.

प्रमाणपत्राच्या बाबतीत पडीक जमिनीचा एक मोठा फायदा आहे, जो मला फार उशिरा कळला. अमेरिकेत जमिनीला निषिद्ध रसायन शेवटचे लागल्यापासून तीन वर्षे जावी लागतात, युरोपात कुरणाला साधारण दोन वर्षे. आणि वर्षानुवर्षे कोणी काही फवारलेच नव्हते हे कागदोपत्री दाखवता आले तर हा काळ आधीच भरलेला धरला जाऊ शकतो. म्हणून जमीन घेतल्या दिवसापासून जुने छायाचित्र, शेजाऱ्यांचे लेखी जबाब, मातीचा तपासणी अहवाल असे जे मिळेल ते जपून ठेवावे. मी ते केले नाही आणि मला पूर्ण मुदत नव्याने भरावी लागली.

आज रानात पाच गाई, त्यांची वासरे, बारा शेळ्या आणि साठ कोंबड्या आहेत. यंदा चौकटीतले वाळलेले गवत सरासरी ४१० ग्रॅम भरले. त्याच हिशेबाने सहावी गाय आणता येईल असे घरातले सगळे म्हणतात आणि आकडेही तेच सांगतात. पण एखादे वर्ष कोरडे गेले तर हाताशी असावे म्हणून तेवढे गवत मी सोडून द्यायचे ठरवले आहे. वरच्या उताराचे शेवटचे दोन तुकडे अजून उघडेच आहेत, तिथे मुरमात काही धरत नाही. यंदा स्टायलो या द्विदल चाऱ्याचे बी थोड्या पेंडीत मिसळून गाईंना खाऊ घातले आणि त्यानंतरचे दोन दिवस त्यांना तिथेच थांबवले, म्हणजे शेणातून बी जागेवर पडेल. पावसानंतर काही पोंमधून कोवळी रोपे वर आली, मी मोजली तेव्हा एकतीस होती. त्या दोन तुकड्यांची तार मी आता लावून घेतली आहे आणि पुढचे पूर्ण वर्ष ती उचलणार नाही.